निवृत्तांच्या वसाहतींतील हौशी रंगमंडळे आणि तिकीटविक्री : एक विवेचन

प्रस्तावना

हौशी मंडळाने आपल्या प्रयोगास तिकीट लावावे किंवा कसे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ हिशेबाचा वाटतो. सभागृहाचे भाडे, नेपथ्य, वेशभूषा, लेखकाचे मानधन यांची बेरीज करावी, तीस अपेक्षित प्रेक्षकसंख्येने भागावे, आणि जो आकडा येईल तो तिकिटावर छापावा, एवढेच त्याचे स्वरूप असावे अशी समजूत असते. परंतु प्रयोग करणारे, तो पाहणारे आणि सभागृहाची मालकी असणारे असे तिघेही एकाच कुंपणाच्या आत राहत असतील, आणि ते सर्व वयाची पंचावन्न-साठ वर्षे ओलांडलेले असतील, तर हा हिशेब निराळ्या वळणाने जातो. तिकीट ही तेथे केवळ किंमत राहत नाही. ती शेजारधर्माची परीक्षा होते, कायद्याच्या दृष्टीने संस्थेचे स्वरूप ठरविणारी बाब होते, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धास घराबाहेर पडावयास लावणारे निमित्तही होते.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निवृत्तांच्या वसाहती डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचे विवेचन केले आहे. महाराष्ट्रातही ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प आता रुजू लागले आहेत. पुण्यातील ‘अथश्री’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा संकुलांत गाण्याचे, नाट्यवाचनाचे, एकांकिकांचे कार्यक्रम होऊ लागले की तिकिटाचा प्रश्न आज ना उद्या उपस्थित होणारच. अमेरिकेत तो गेली साठ वर्षे हाताळला जात असल्याने तेथील अनुभव उपयुक्त ठरावा.

वसाहतींची घडण

अमेरिकेत केवळ निवृत्तांसाठी गाव वसविण्याची कल्पना १९५४ साली अॅरिझोना राज्यातील यंगटाउन येथे प्रत्यक्षात आली. तिला व्यापक प्रसिद्धी मिळाली ती मात्र शेजारच्या सन सिटीमुळे. डेल वेब या बांधकाम-व्यावसायिकाच्या कंपनीने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी खुली केली. निवृत्ती म्हणजे विश्रांती नव्हे, तर कार्यमग्न जीवनाचा नवा टप्पा, असे या वसाहतीच्या जाहिरातीचे सूत्र होते. घरांबरोबरच गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव, हस्तकलेच्या खोल्या आणि सभागृह यांची विक्री होत होती, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर रॉस कॉर्टिझ या बांधकाम-व्यावसायिकाने ‘लेझर वर्ल्ड’ या नावाने अशाच वसाहती उभारल्या. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील लगूना हिल्स येथील वसाहत १९६४ साली सुरू झाली. १९९९ मध्ये तिच्या परिसरास लगूना वुड्स या नावाने स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. आज तेथे १२,७३६ सदनिका असून सुमारे १८,००० रहिवासी आहेत.

या वसाहतींना वयाची अट घालता येते ती कायद्याने दिलेल्या अपवादामुळे. १९८८ च्या गृहनिर्माणविषयक दुरुस्ती-कायद्याने आणि त्यानंतरच्या १९९५ च्या कायद्याने, किमान ८० टक्के वसलेल्या घरांत पंचावन्न वा अधिक वयाची निदान एक व्यक्ती राहत असेल, तर कुटुंबवत्सल तरुणांना प्रवेश नाकारणे बेकायदेशीर ठरत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, येथील प्रेक्षकवर्गाची रचना कायद्यानेच घट्ट करून ठेवलेली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनास मुलांचे आईवडील हुकमी येतात. येथे तो हुकमी प्रेक्षक नाही. नातवंडे दूरच्या राज्यांत, मुले नोकरीत. उरतात ते शेजारी.

लगूना वुड्स वसाहतीच्या तिसऱ्या क्लब-हाउसमध्ये ८१४ आसनांचे सुसज्ज नाट्यगृह आहे. आपल्याकडील मध्यम शहरातील नाट्यगृहाएवढेच ते म्हणावे लागेल. नाट्यगृहाची देखभाल रहिवाशांच्या मासिक वर्गणीतून चालते. येथे एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. ज्या सभागृहाचा खर्च आपण दरमहा भरतोच, त्यात बसण्यासाठी पुन्हा तिकीट का घ्यावे, असे एखाद्या रहिवाशाने विचारल्यास त्याला चुकीचे ठरविता येत नाही. त्याचे उत्तर असे की, वर्गणी ही वास्तूची असते आणि तिकीट हे त्या संध्याकाळच्या प्रयोगाचे असते. जो कधीच नाटकास जात नाही त्याच्यावर नाटकाचा भार पडू नये, यासाठी तिकीट हाच न्याय्य मार्ग होय. तिकीट नसणे म्हणजे खर्च नसणे नव्हे. तो खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात जातो, इतकेच.

सभागृहाच्या आकाराविषयी एक ऐतिहासिक दाखला येथेच नोंदवावा. सन सिटी वेस्ट येथे वेब कंपनीने १९८० साली ‘सनडोम’ नावाचे ७,१६९ आसनांचे प्रेक्षागृह बांधले. पुढे ते अॅरिझोना स्टेट विद्यापीठाकडे गेले आणि अखेर २०१३ मध्ये पाडण्यात आले. नामांकित व्यावसायिक कलावंतांसाठी उभारलेली एवढी भव्य वास्तू नाहीशी झाली. त्याच प्रकारच्या वसाहतींतील क्लब-हाउसांची लहान व्यासपीठे मात्र टिकून आहेत. या दोहोंच्या अर्थशास्त्रात मूलभूत फरक आहे.

मर्यादित प्रेक्षकवर्गाचे गणित

प्रयोगकलांच्या अर्थशास्त्राचा पाया विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढते, पण चौघा वादकांची चौकडी आजही तेवढ्याच वेळात तेवढीच रचना वाजविते. इतर क्षेत्रांतील वेतनवाढीबरोबर कलावंतांचे वेतन वाढवावे लागते, म्हणून प्रयोगाचा खर्च तिकिटाच्या उत्पन्नापेक्षा सतत पुढे धावतो. हौशी मंडळास हा रोग जडत नाही, कारण तेथे वेतनच नसते. मात्र वेतनाखेरीजचे खर्च (प्रयोगाधिकार, ध्वनि-प्रकाशयोजनेचा पगारी तंत्रज्ञ, छपाई, भाड्याचे कपडे) चुकत नाहीत. हे बहुतेक सर्व स्थिर खर्च आहेत. प्रेक्षक एक असो वा आठशे, ते बदलत नाहीत.

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा चाळीस कलावंतांचे मंडळ ८१४ आसनांच्या सभागृहात तीन प्रयोग करते, एकूण खर्च ६,००० डॉलर आहे आणि तिकीट १५ डॉलर आहे. खर्च भरून निघण्यास ४०० तिकिटे पुरेत. प्रत्येक कलावंताने दहा तिकिटे खपविली की काम झाले. तथापि तीन प्रयोगांची एकूण आसने २,४४२ होतात. ४०० प्रेक्षक म्हणजे त्यांतील सुमारे १६ टक्के. हिशेबवहीत तोटा नाही, पण व्यासपीठावरून समोर पाहणाऱ्या पंचाहत्तरीच्या नटास खुर्च्यांच्या ओस पडलेल्या रांगा दिसतात. व्यावसायिक निर्मात्यास ना-नफा-ना-तोटा हा निश्चिंत होण्याचा बिंदू असतो. हौशी मंडळाचा बिंदू याहून वर, म्हणजे सभागृह भरलेले वाटेल तेथे असतो. तेव्हा तीनऐवजी एक किंवा दोन प्रयोग करणे, अथवा बाल्कनी बंद ठेवून पुढील रांगांचाच प्लॅन विक्रीस लावणे, हे उपाय तिकीट स्वस्त करण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रयोगाधिकाराचे शुल्क प्रत्येक प्रयोगामागे आकारले जात असल्याने खर्चही घटतो.

‘प्रत्येकी दहा तिकिटे’ या सूत्रात आणखी एक खोच आहे. मोठ्या शहरात चाळीस नटांचे चाळीस मित्रपरिवार बहुतांशी वेगळे असतात. बंदिस्त वसाहतीत ते एकमेकांत गुंतलेले असतात. ब्रिजच्या टेबलावरचा भिडू, व्यायामवर्गातील सोबती आणि भिंतीपलीकडचा शेजारी ही एकच व्यक्ती असू शकते आणि तिच्याकडे तिकीटपुस्तक घेऊन तिघे जाऊ शकतात. तिला एकच खुर्ची हवी असते. त्यामुळे मंडळाची सभासदसंख्या दुप्पट झाली म्हणून तिकीटविक्री दुप्पट होत नाही.

शिवाय वसाहतीत मंडळे अनेक असतात. समूहगायन, टॅप-नृत्य, विनोदी प्रहसने, वाद्यवृंद अशी ज्याची त्याची हौस असते. आज मी तुमच्या गाण्याचे तिकीट घेतले, तर पुढील महिन्यात तुम्ही माझ्या नाटकाचे घ्यावे, हा अलिखित करार असतो. आपल्याकडील आहेर आणि परतीचा आहेर यांच्याशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. अशा व्यवहारात पैसा वसाहतीतल्या वसाहतीत फिरत राहतो. बाहेर जातो तो फक्त प्रयोगाधिकारापोटी, तंत्रज्ञापोटी आणि छपाईपोटी. ही देवाणघेवाण हिणवण्याजोगी आहे असे नव्हे. रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाने हौशी कलावंत, व्यावसायिक आणि प्रेक्षक यांना एका परस्परावलंबी व्यवस्थेचे तीन घटक मानले आहे. हौशी माणूस केवळ वेळ घालवीत नसून चिकाटीने एखाद्या कलेची साधना करीत असतो, हे त्यांच्या ‘गंभीर फुरसत’ या संकल्पनेचे सार आहे. साधना करणाऱ्यास प्रेक्षक लागतो, आणि तो केवळ भिडेखातर आलेला नसावा, अशी त्याची सुप्त अपेक्षा असते. तिकीट हे त्या अपेक्षेचे मोजमाप असते. म्हणूनच न खपलेले तिकीट साठीनंतर अधिक बोचते.

मूल्य आणि उपस्थिती

फुकट ठेवल्यास प्रेक्षक वाढतील ही कल्पना स्वाभाविक आहे. तिच्याविरुद्ध जाणारा एक सुपरिचित प्रयोग मानसशास्त्रात आहे, आणि योगायोगाने तो नाट्यगृहाच्या तिकिटांवरच झालेला आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे हंगामी तिकीट घ्यावयास आलेल्या पहिल्या साठ जणांची यदृच्छेने तीन गटांत विभागणी केली. काहींना पूर्ण १५ डॉलरला, काहींना १३ डॉलरला आणि काहींना ८ डॉलरला तिकीट देण्यात आले. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी सवलत मिळालेल्यांपेक्षा अधिक नाटके पाहिली. उत्तरार्धात हा फरक उरला नाही. दिलेले पैसे वाया जाऊ नयेत ही भावना माणसास घराबाहेर काढते, परंतु काळाबरोबर ती विरत जाते, असा याचा अर्थ घेता येईल.

विद्यापीठाच्या परिसरातील प्रेक्षकांवरून वृद्धांविषयी सरळ अनुमान काढणे धोक्याचे आहे, हे मान्य करावयास हवे. तरीही दोन गोष्टी त्यातून सुचतात. पहिली अशी की, विनामूल्य प्रवेशिकेवर सभागृहाची मोजणी करू नये. फुकट पास घेतलेला माणूस पाऊस आला, गुडघा दुखला, दूरदर्शनवर सामना लागला तर येत नाही आणि त्याची खुर्ची दुसऱ्यासही मिळत नाही. दुसरी अशी की, तिकीट आणि प्रयोग यांत फार अंतर नसावे. चार महिने आधी विकलेले हंगामी तिकीट मंडळाच्या तिजोरीस सोयीचे असते, पण त्याची ओढ प्रयोगाच्या दिवसापर्यंत टिकेलच असे नाही.

दुसऱ्या बाजूस, सर्वांची ऐपत सारखी नसते. वसाहतीत घर घेतलेली व्यक्ती सुखवस्तू असणार असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या आणि आता केवळ सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या विधवेस पंधरा डॉलरही जड वाटू शकतात, आणि ते ती बोलून दाखवीत नाही. येथे हेन्री हान्समन यांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. प्रयोगकलांच्या ना-नफा संस्था तिकिटाचा दर खाली ठेवून ज्यांना परवडते त्यांच्याकडून स्वेच्छेची देणगी घेतात. म्हणजे प्रेक्षक आपण होऊन वेगवेगळी किंमत मोजतो. लहान वसाहतीस हे अधिक अनुकूल आहे. दर सर्वांना एकच आणि माफक असावा, व देणगीची पेटी निराळी असावी. ‘गरजूंसाठी सवलत’ अशी पाटी मात्र कदापि नसावी, कारण जेथे सर्व जण एकमेकांस ओळखतात तेथे ती पाटी कोणी वापरणार नाही.

प्रयोगाधिकार आणि कायदा

अमेरिकेच्या स्वामित्वहक्क-कायद्यातील ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याख्या वसाहतींना अनपेक्षित वाटते. कुटुंब व त्याच्या नेहमीच्या परिचितांच्या वर्तुळाबाहेरील बऱ्याच व्यक्ती जेथे जमतात, तेथील प्रयोग सार्वजनिकच होय. दाराशी पहारेकरी आहे आणि बाहेरच्यांस प्रवेश नाही, एवढ्याने तो खाजगी ठरत नाही.

याच कायद्याच्या कलम ११० मधील चौथे पोटकलम हौशी मंडळांच्या कामाचे आहे. नाट्येतर साहित्य वा संगीत यांचे सादरीकरण व्यापारी लाभाच्या हेतूविना होत असेल आणि कलावंत, प्रवर्तक वा आयोजक यांना मोबदला दिला जात नसेल, तर परवानगीची गरज उरत नाही. अट एवढीच की प्रवेशशुल्क नसावे. असल्यास वाजवी खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम शैक्षणिक, धार्मिक वा धर्मादाय कार्यासच जावी. या दुसऱ्या प्रकारात हक्कधारकाने प्रयोगापूर्वी किमान सात दिवस लेखी हरकत घेतल्यास सवलत संपते. ‘नाट्येतर’ हा शब्द येथे कळीचा आहे. जुन्या गाण्यांची मैफल या कलमात बसू शकते. संपूर्ण संगीतिका वा नाटक बसत नाही. ते विनामूल्य केले तरी परवाना घ्यावाच लागतो. म्हणजे तिकीट काढून टाकल्याने नाटकमंडळाचा सर्वांत मोठा खर्च वाचत नाही, फक्त तो भरून काढण्याचे साधन नाहीसे होते.

संगीतिकांचे परवाने देणाऱ्या संस्था अर्जात आसनसंख्या, प्रयोगसंख्या आणि तिकिटाचा दर विचारतात, आणि त्यांवरून शुल्क ठरवितात. त्यामुळे आधी परवाना आणि मग दर असा क्रम ठेवता येत नाही. दर आधीच ठरवावा लागतो. संहितेत बदल करण्यासही लेखी अनुमती लागते. वृद्धांच्या वसाहतीत पुरुष नट कमी आणि स्त्रिया अधिक असतात. पुरुष पात्र स्त्री-पात्र करून घेण्याचा मोह म्हणूनच फार, आणि नियमभंगाची शक्यताही तितकीच. (ज्या रंगभूमीवर स्त्री-भूमिकांसाठी पुरुषच उभे राहत, त्या मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासकास ही उलटी अडचण मोठी गमतीची वाटेल.)

करविषयक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. सामाजिक क्लब म्हणून करमाफी घेणाऱ्या संस्थेस, म्हणजे करसंहितेच्या कलम ५०१ (सी) (७) खालील संस्थेस, आपल्या स्थूल उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक रक्कम सभासदेतर स्रोतांतून मिळविता येत नाही. त्यातही सर्वसाधारण लोकांनी क्लबच्या सुविधा व सेवा वापरल्याबद्दलची रक्कम १५ टक्क्यांहून अधिक नसावी लागते. येथे सहज नजरेआड होणारी गोष्ट अशी की, वसाहतीतील इतर रहिवासी हे नाटकमंडळाचे सभासद नसतात. साठ सभासदांचे मंडळ हजार शेजाऱ्यांस तिकिटे विकते तेव्हा ते कायद्याच्या भाषेत परक्यांनाच विकत असते. म्हणून तिकीट विकू इच्छिणाऱ्या मंडळास हा साचा गैरसोयीचा आहे. अशा मंडळांना शैक्षणिक वा धर्मादाय संस्थेचा, म्हणजे ५०१ (सी) (३) चा, साचा अधिक मानवतो. ज्या उपक्रमातील जवळजवळ सर्व काम विनावेतन होते, त्याचे उत्पन्न असंबद्ध व्यवसायाचे मानले जात नाही, हीही तरतूद हौशी मंडळाच्या पथ्यावर पडते.

खिडकीवरचा व्यवहार

सैद्धान्तिक चर्चेत हरवून जाणाऱ्या काही गोष्टी तिकीटखिडकीवर मात्र ठळकपणे दिसतात. रात्री मोटार चालविणे अनेकांना जमेनासे होते, म्हणून दुपारचा प्रयोग हाच प्रमुख प्रयोग होय. अॅरिझोना व फ्लोरिडा येथे हिवाळ्यापुरते राहावयास येणारे अनेक रहिवासी वसंतानंतर उत्तरेकडे परततात, म्हणून तेथील रंगहंगाम थंडीतच आटोपतो. ज्यांच्या हाती संगणक अलीकडेच आला त्यांच्यासाठी क्लब-हाउसच्या ओसरीत टेबल मांडून, धनादेश वा रोख घेऊन केलेली विक्रीही चालू ठेवावी लागते. केवळ संगणकावर विक्री ठेवणे सोपे आहे, परंतु त्याने सर्वांत वृद्ध आणि सर्वांत एकाकी प्रेक्षकच गाळला जातो. त्या टेबलापाशी होणारे चार शब्दांचे बोलणे हाही प्रयोगाचाच एक भाग मानावयास हवा.

चाकाच्या खुर्चीचा प्रश्न याहून कठीण आहे. अमेरिकेतील २०१० च्या सुगम्यता-मानकांनुसार ५०१ ते ५,००० आसनांच्या नव्या सभागृहात चाकाच्या खुर्चीसाठी सहा जागा, आणि ५०० च्या पुढील प्रत्येक १५० आसनांमागे वा त्यांच्या अंशामागे एक जागा अधिक लागते. ८१४ आसनांना हे प्रमाण लावल्यास नऊ जागा होतात. सर्व वयांच्या नगरात नऊ जागा पुरतीलही, परंतु निवृत्तांच्या वसाहतीत दुपारच्या प्रयोगास त्या अपुऱ्या पडणार हे उघड आहे. सार्वजनिक प्रेक्षागृहांसाठी असा नियम आहे की, या जागांची तिकिटे इतर तिकिटांच्याच वेळी, त्याच पद्धतीने आणि अधिक दर न लावता विकावीत, आणि त्यांच्या लगतची तीन आसने सोबत्यांसाठी घेता यावीत. खाजगी क्लबांना हा कायदा लागू नसतो. मात्र क्लबने बाहेरच्या जनतेस तिकिटे विकण्यास आरंभ केला की त्याचे खाजगीपण वादग्रस्त होऊ शकते. खरे म्हणजे कायदा लागू असो वा नसो, वसाहतीने नियमापेक्षा अधिक जागा मोकळ्या ठेवाव्यात. जिना चढता येत नाही म्हणून जो घरी राहिला, त्याची गणना न खपलेल्या तिकिटांत कधीच होत नाही.

परताव्याचाही प्रश्न आहे. ‘विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही’ हा नाट्यगृहाचा सार्वत्रिक नियम. ऐंशीच्या घरातील प्रेक्षकाबाबत तो अक्षरशः पाळणे क्रूरपणाचे होते. अचानक रुग्णालयात जावे लागणे ही येथे अपवादात्मक घटना नसते, आणि हंगामी तिकिटाचा धारक हंगाम संपण्यापूर्वी निवर्तणे ही शक्यताही व्यवस्थापकास गृहीत धरावी लागते. मंडळाने परतीच्या रकमेची तरतूद अंदाजपत्रकातच करावी, आणि रिकामी झालेली खुर्ची प्रतीक्षायादीतील व्यक्तीस द्यावी. पतीचे तिकीट परत करावयास आलेल्या पत्नीस पुरावा मागू नये. या रकमा इतक्या लहान असतात की त्यांच्यासाठी नियम करणेच महाग पडते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

मराठी रंगभूमीस तिकीट नवे नाही. विष्णुदास भाव्यांचा १८४३ चा सांगलीतील पहिला प्रयोग राजाश्रयाने झाला, आणि दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, त्यांच्या मंडळीने मुंबईस तिकीट लावून खेळ केले. आश्रयदात्याकडून तिकीटघराकडे झालेले हे स्थलांतर आपल्या नाट्येतिहासातील महत्त्वाची घटना आहे. सत्कार्यासाठी तिकीट विकण्याची परंपराही तितकीच सशक्त आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग तिचे सर्वज्ञात उदाहरण होय. हौशी रंगभूमीस १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धेचे व्यासपीठ लाभले. परंतु ज्येष्ठांच्या गृहसंकुलातील मंडळ या तिन्ही परंपरांत नेमके बसत नाही.

भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात त्यांचे लोकसंख्येशी प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीपेक्षा अधिक होते. ज्येष्ठांच्या निवासप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. सामाईक दालने, उतरंडी, उद्वाहक यांचा विचार आता नियमांच्या पातळीवर होतो. त्या दालनात काय घडावे, हा प्रश्न रहिवाशांवर सोपविलेला आहे.

आपल्या कायद्याची रचना अमेरिकेहून भिन्न आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ (१) (एल) अन्वये, हौशी क्लबाने वा संस्थेने साहित्यकृती, नाट्यकृती वा संगीतकृतीचा प्रयोग पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे, अथवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केल्यास तो हक्कभंग ठरत नाही. अमेरिकेत नाटक वगळलेले आहे, आपल्याकडे ते समाविष्ट आहे. त्यामुळे तेथे तिकीट काढून टाकण्याने काही साधत नाही, तर येथे नेमका त्याच ठिकाणी कायदेशीर फरक पडतो. विनामूल्य प्रयोग करणारे संकुलातील मंडळ या तरतुदीचा आधार घेऊ शकते. तिकीट लावताच तो आधार सुटतो, आणि लेखकाची वा त्याच्या वारसांची अनुमती घेणे अनिवार्य होते. वस्तू व सेवा कराची अडचण मात्र फारशी नाही. नाट्यप्रयोगाचे प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असल्यास त्यावर करमाफी आहे. २०१८ च्या जानेवारीपर्यंत ही मर्यादा २५० रुपये होती.

येथे ‘देणगी-प्रवेशिका’ या आपल्या खास रूढीचा विचार करावा लागतो. तिकीट म्हणावयाचे नाही, परंतु शंभर रुपयांची देणगी दिल्याखेरीज आत सोडावयाचेही नाही, अशी ही पद्धत अनेक संस्थांत रुळलेली आहे. प्रवेश देणगीवर अवलंबून असेल, तर प्रेक्षक ‘पैसे न देणारा’ राहिला असे म्हणणे कठीण आहे. नावाने देणगी असली तरी व्यवहाराने ते तिकीटच होय. याउलट प्रवेश सर्वांस खुला ठेवून, प्रयोग संपल्यानंतर दाराशी ठेवलेल्या पेटीत ज्याने त्याने इच्छेनुसार रक्कम टाकावी, ही रीत निराळी आहे. वसाहतीतील मंडळाने या दोहोंपैकी एक मार्ग उघडपणे निवडावा. तिकीट लावावयाचे ठरल्यास अंदाजपत्रकातील पहिली ओळ लेखकाच्या मानधनाची असावी आणि त्याचे संमतिपत्र तालमी सुरू होण्यापूर्वीच दप्तरी लागावे, कारण तीन महिने पाठांतर केलेल्या सत्तर वर्षांच्या नटास ‘परवानगी मिळाली नाही’ हे प्रयोगाच्या आठवड्यात सांगण्याची पाळी कोणाही कार्यवाहावर येऊ नये.